कापसाची तेजी, शेअरांचे वेड आणि गुंतवणूकदाराचे मन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी.कॉम.ची परीक्षा दिली आणि निकालाची वाटही न पाहता वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो. त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु व्यापारी माणसाला पैशाच्या इतिहासाचे आकर्षण असतेच. त्यातही कापूस, मुंबई आणि एक जैन व्यापारी या तिन्हींना एकत्र गुंफणारे १८६१ ते १८६५ या काळातील प्रकरण मला तरुणपणापासून खुणावत आले आहे. ते आज आपणांसमोर मांडण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन्स विभागात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्या तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. या कोटीभर लोकांत आपल्या गावची, आपल्या समाजाची मुले नसतील असे कोण म्हणेल?

शंभरातील त्र्याण्णव माणसे बुद्धीने कमी असतात असे नाही. मग चूक कोठे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मुंबईच्या त्या जुन्या तेजीचा फार उपयोग झाला.

कापूस महागला कसा?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या त्या काळी प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि तो कापूस येणे जवळजवळ थांबले. गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार उपाशी राहू लागले. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची दृष्टी साहजिकच हिंदुस्थानकडे वळली.

गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड भागातील कापूस मुंबई बंदरातून बाहेर जात असे. आखूड धाग्याचा व कचऱ्याचा म्हणून एरवी नाक मुरडला जाणारा हा माल एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला. भाव काही पटींनी वाढले. घरातील जुन्या गाद्या-उश्या उसवून त्यांतला कापूसही बाजारात आल्याच्या गोष्टी त्या काळाविषयी सांगितल्या जातात. युद्धाच्या काळात मुंबईला कापसाच्या नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे सात ते आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज पुढील लेखकांनी दिला आहे. आजच्या हिशेबाने ही रक्कम किती होईल याची कल्पनाच केलेली बरी.

येथपर्यंत जे घडले तो व्यापार होता. माल होता, गिऱ्हाईक होते, भाव होता. पुढे जे घडले ते वेगळे होते.

कागदांची तेजी

एवढा पैसा एकदम शहरात आला, पण तो गुंतवायला जागा थोड्या होत्या. मग नव्या बँका, फायनान्शियल असोसिएशन, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, कापसाच्या प्रेस कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका आणि १६ फायनान्शियल असोसिएशन होत्या. शेअरदलालांची संख्या काही वर्षांपूर्वी हाताच्या बोटांवर मोजता येत असे. ती वाढत जाऊन दोनशे ते अडीचशेंच्या घरात गेली.

सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. हिच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव तेजीच्या शिखरावर सुमारे पन्नास हजारांपर्यंत गेला. ज्या जमिनीसाठी ही किंमत मोजली जात होती, ती जमीन त्या दिवशी समुद्राच्या पाण्याखाली होती.

या सर्व उलाढालींच्या केंद्रस्थानी शेठ प्रेमचंद रायचंद होते. १८३१ साली सुरतेत जन्मलेले हे जैन गृहस्थ लहानपणी मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि कापूस व शेअर या दोन्ही बाजारांत अग्रणी झाले. त्यांच्या शब्दाला असे वजन आले की एखाद्या कंपनीशी त्यांचे नाव जोडले गेले, एवढ्यावर लोक तिचे शेअर घेत. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचे भागभांडवल होते व संचालक मंडळावर सरकारनियुक्त संचालक होते. १८६३ साली तिच्या कायद्यात बदल होऊन कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रेमचंदांच्या शिफारशीवर तेथून मोठमोठी कर्जे दिली गेली, हे पुढे चौकशीत उघड झाले. बँकेतून कर्ज काढायचे, शेअर घ्यायचे, तेच शेअर तारण ठेवून पुन्हा कर्ज काढायचे, असे चक्र सुरू झाले. ज्यांच्याजवळ रोख नव्हती ते वायद्याचे सौदे करीत. त्यांतील शेकडो सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती.

कोसळ

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. ही बातमी मुंबईस पोहोचण्यास काही आठवडे लागले. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे कळताच लिव्हरपूलचे भाव उतरले आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या कागदी वैभवाचा पाया खचला. १ जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसे नव्हते आणि देणाऱ्याच्या कागदाला किंमत नव्हती. एकाने दुसऱ्याचे देणे चुकविले नाही म्हणून दुसरा बुडाला, दुसऱ्यामुळे तिसरा.

बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांना पोहोचला होता, तो ८७ रुपयांना विकण्याची वेळ आली. ती बँक १८६८ साली गुंडाळावी लागली आणि तिच्या ऱ्हासाची चौकशी करण्यासाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. प्रेमचंद रायचंद यांचे दिवाळे १८६६ साली निघाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान व लोकसेवक गृहस्थांनीही या शेअरांत मोठी रक्कम गमावली. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ भरली. पैशाच्या मागे आलेली माणसे पैशाबरोबर निघून गेली.

शहाणी माणसे कशी फसली?

आज हे वाचताना आपणांस हसू येते. युद्ध कधीतरी संपणारच, एवढे साधे सत्य त्यांना कळू नये काय? परंतु वाचकहो, हे हसू हाच मनाचा पहिला सापळा होय. बारूक फिशहॉफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, एखाद्या घटनेचा शेवट कळला की ती पूर्वीपासूनच अटळ होती असे माणसाला वाटू लागते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली, ऐन तेजीत प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी हे शहर कोणत्या दिवसांतून जाणार आहे, हे त्या चौकस ग्रंथकारालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. आपण त्या काळी असतो तर आपणही त्या गर्दीत असतो, हे आधी मान्य केले पाहिजे.

दुसरा सापळा म्हणजे कालच्यासारखेच उद्या होईल ही समजूत. चार वर्षे युद्ध चालले म्हणून ते पाचव्या वर्षीही चालेल, चार वर्षे भाव चढले म्हणून पुढेही चढतील, असे मन धरून बसते. डॅनियल काहनेमन व आमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखविले की, माणूस संभाव्यतेचा हिशेब करीत नाही. जे उदाहरण चटकन आठवते त्यावरून तो अंदाज बांधतो. शेजारच्या पेढीवाल्याने नवा वाडा बांधला हे डोळ्यांसमोर असते. युद्धाचा शेवट डोळ्यांसमोर नसतो.

तिसरा सापळा गतानुगतिकतेचा. प्रेमचंदशेठ घेतात म्हणून मी घेतो आणि मी घेतो म्हणून माझा साडू घेतो. प्रत्येकाला वाटते की पुढच्याने चौकशी केलीच असेल. अखेर चौकशी कोणीच केलेली नसते.

चौथा सापळा अतिआत्मविश्वासाचा. नशिबाने मिळालेला नफा माणूस स्वतःच्या हुशारीच्या खात्यावर जमा करतो. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या प्राध्यापकांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ अमेरिकन कुटुंबांच्या शेअर खात्यांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष मांडले. बाजाराचा परतावा वर्षाला १७.९ टक्के असताना सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांना ११.४ टक्केच मिळाले. अधिक धावणारा अधिक मागे पडला.

पाचवा सापळा मात्र सर्वांत खोल आहे. त्याविषयी लिहिताना मला स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

माझ्या वहीतील एक नोंद

१९९२ सालच्या आरंभी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक दोन हजारांच्या आतबाहेर होता. २२ एप्रिलला तो ४,४६७ वर गेला. आमच्या गावच्या बाजारपेठेत त्या दिवसांत कापडापेक्षा शेअरांच्या भावांची चर्चा अधिक होती. मी तिशीतला होतो. इचलकरंजीच्या अडत्याचे दोन महिन्यांनी द्यायचे पैसे पेढीवर पडून होते. मुदतीपूर्वी परत ठेवू, असे म्हणून मी ती रक्कम वडिलांना न सांगता उचलली आणि दोन कंपन्यांचे शेअर घेतले.

त्यांपैकी एकाचा भाव थोडा चढताच मी तो विकून मोकळा झालो. आपण किती चलाख, असे वाटले. दुसऱ्याचा भाव उतरू लागला. खरेदीच्या भावाला आला की विकतो, असे मी मनाशी म्हणत राहिलो. तो निम्म्यावर आला तेव्हाही हेच म्हटले. अडत्याची मुदत आली तेव्हा दाजींकडून उसने घेऊन मी पैसे भागविले. आमच्या पेढीचे देणे त्यापूर्वी कधी उसनवारीने भागले नव्हते. अर्थातच ते वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, कानावर गेले.

अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “जे गेले ते बुडीत खात्यावर लिही आणि विषय संपव.” मी म्हणालो, “अण्णा, अजून गेलेले नाही, शेअर हातात आहेत.” दरवर्षी दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी ते माझ्याकडे पाहत आणि मी मान खाली घालीत असे. काही वर्षांनी त्या कंपनीच्या शेअरांचे व्यवहारच थांबले. तरीही सर्टिफिकिटे तिजोरीत राहिली. अण्णा १९९९ साली गेले. बुडीत खात्यावरील ती ओळ मी २००१ च्या दिवाळीत लिहिली. ती पाहायला ते नव्हते.

आश्चर्य असे की, त्याच नऊ वर्षांत मी दुकानात दरवर्षी पडून राहिलेला माल खरेदीपेक्षा कमी भावाने निःशंकपणे काढत होतो. छापा जुना झाला, रंग चालेनासा झाला की सणापूर्वी ताके बाहेर काढायचे आणि मोकळी झालेली रक्कम नव्या मालात घालायची, हे अण्णांनीच शिकविले होते. कापडाच्या बाबतीत जे शहाणपण हाताला वळण लागल्यासारखे होते, ते शेअरांच्या बाबतीत कोठे गेले?

याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकांत सापडले. काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्ताचे सार असे की, माणूस नफा-तोटा एका ठरावीक बिंदूपासून मोजतो आणि तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख त्याला सुमारे दुप्पट जाणवते. माझा तो बिंदू खरेदीचा भाव हा होता. विकले की तोटा खरा होणार होता. न विकता तो केवळ कागदावर होता. हर्श शेफ्रिन व मायर स्टॅटमन यांनी १९८५ साली या वृत्तीचे नेमके वर्णन केले: चढलेले लवकर विकायचे आणि उतरलेले धरून बसायचे. ओडीन यांनी १९९८ साली दहा हजार खाती तपासली, तेव्हा हीच वृत्ती आकड्यांत दिसली. इतकेच नव्हे, तर लोकांनी विकून टाकलेल्या शेअरांनी पुढील वर्षात धरून ठेवलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली होती. काहनेमन यांना या संशोधनासाठी २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की १९९६ सालीच निवर्तले होते.

कापडाचा ताका मी विकण्यासाठीच घेतलेला असतो, त्यामुळे तो देताना मनाला टोचत नाही. तो शेअर मात्र माझ्या हुशारीचा पुरावा म्हणून घेतला होता. तो विकणे म्हणजे अण्णांसमोर चूक कबूल करणे होते. मला पैशापेक्षा ती कबुली महाग वाटली.

१८६५ च्या मुंबईकडे पाहताना मला म्हणूनच त्या कापूस व्यापाऱ्यांची आठवण येते. बोटांच्या चिमटीत धागा धरून मालाची प्रत सांगणारी ती माणसे होती. परंतु ते ज्ञान शेअरांच्या कागदाला लागू पडले नाही. एका धंद्यातील अनुभव दुसऱ्या धंद्यात आपोआप चालत येत नाही. उलट, त्या अनुभवाचा अभिमान तेवढा बरोबर येतो.

मर्यादा आधी ठरवावी

मग उपाय काय? सापळ्यांची नावे पाठ करून ते टळत नाहीत, हे या विषयाचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या काहनेमन यांनीही स्वतःविषयी कबूल केले होते. तेजी अंगात आली की त्या क्षणी मन आवरत नाही. म्हणून निर्णय त्या क्षणापूर्वी, शांत असताना घेऊन ठेवावा लागतो.

येथे आपल्या परंपरेतील एका गोष्टीचा उल्लेख अस्थानी होणार नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे परिग्रह-परिमाण व्रत. क्षेत्र-वास्तू, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य इत्यादींची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवावयाची. लहानपणी मला ती केवळ त्यागाची शिकवण वाटे. आज व्यापारी म्हणून पाहतो तेव्हा तिच्यातील व्यवहार दिसतो. मर्यादा मोह समोर येण्यापूर्वी ठरते, आणि ती ‘थोडे’ किंवा ‘बेताचे’ अशा शब्दांत न राहता परिमाणात ठरते. मानसशास्त्रज्ञ आज जे सुचवितात ते याहून फार वेगळे नाही.

माझ्यापुरते मी चार नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. शेअर बाजारात जास्तीत जास्त किती रक्कम ठेवायची, याचा आकडा वर्षारंभी लिहायचा. उधारीच्या अथवा दुसऱ्याच्या पैशाने एकही शेअर घ्यायचा नाही. १८६५ साली ज्यांचे केवळ शेअर गेले ते सावरले, ज्यांनी शेअर तारण ठेवून शेअर घेतले ते बुडाले. वहीपूजनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक शेअरविषयी स्वतःला विचारायचे: आज हातात रोख असती तर हाच शेअर आजच्या भावाने मी घेतला असता काय? उत्तर नाही असे आले, तर खरेदीचा भाव न पाहता तो काढायचा. आणि जो तोटा झाला तो त्याच वर्षी, त्याच वहीत, स्वतःच्या हाताने लिहायचा.

नव्या पिढीतील मुलांना माझी एवढीच विनंती आहे की, घरापासून लपवून व्यवहार करू नका. माझा खरा तोटा शेअरांत झाला त्याहून अधिक त्या लपवण्यात झाला.

राहिले काय?

प्रेमचंदशेठांच्या कथेचा शेवट दिवाळ्यात होत नाही. पडझडीनंतर त्यांनी पुन्हा कामास आरंभ केला आणि १९०६ साली निधन होईपर्यंत मुंबईच्या बाजारात त्यांचा मान राहिला. ज्या दलालांनी ती तेजी-मंदी पाहिली होती, त्यांच्याच बिरादरीने १८७५ साली एकत्र येऊन दलालांची संघटना उभी केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली.

तेजी ऐन भरात असताना, १८६४ साली, प्रेमचंदशेठांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. १८६९ ते १८७८ या काळात ती इमारत उभी राहिली. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले: राजाबाई टॉवर. बॅक बे कंपनीचे पन्नास हजारांचे कागद केव्हाच रद्दी झाले. जे चार लाख त्यांनी वेळीच हातातून सोडले होते, त्यांचा मनोरा आजही फोर्टमध्ये उभा आहे आणि मुंबईला गेलो की मी तेथे क्षणभर थांबून वर पाहतो.

जय जिनेंद्र.